पुढच्या टीवर यायला लाज कसली?

खेळाचे मैदान सर्वांना सारखेच असते, असा आपला समज असतो. क्रिकेटची खेळपट्टी कसोटी खेळणाऱ्यालाही २२ यार्डांची आणि कालच क्लबच्या संघात आलेल्या मुलालाही २२ यार्डांचीच. गोल्फ मात्र याला अपवाद आहे. इथे मैदान किती लांब हवे, हे खेळणाऱ्याला स्वतः ठरवता येते. आणि गंमत अशी, की खेळाने इतक्या उदारपणे दिलेली ही मुभा घ्यायला माणसे लाजतात.

गोल्फमध्ये प्रत्येक होलचा पहिला फटका जिथून मारायचा, त्या जागेला ‘टी’ म्हणतात. चांगल्या मैदानावर एकेका होलला अशा तीन-चार टी असतात, एकीच्या पुढे दुसरी. प्रत्येक टीवर दोन रंगीत खुणा रोवलेल्या असतात. रंग मैदानागणिक बदलतात, पण बहुतेक ठिकाणी सर्वांत मागे काळ्या किंवा सोनेरी, मग निळ्या, मग पांढऱ्या आणि सर्वांत पुढे लाल खुणा दिसतात. एका होलवर मागच्या आणि पुढच्या टीमध्ये पन्नास-शंभर यार्डांचे अंतर सहज असते. १८ होलांचा हिशेब केला, तर हा फरक हजार-दीड हजार यार्डांवर जातो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १७४४ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे एडिंबरोच्या खेळाडूंनी जे १३ नियम लिहून काढले, त्यातला पहिलाच नियम असा होता, की आधीच्या होलपासून एका काठीच्या अंतरात चेंडू मांडावा. सगळे एकाच जागेवरून खेळत. पुढे मैदाने वाढली, खेळणारे वाढले, म्हातारे-कोतारे, बायका-मुले सगळेच खेळू लागले आणि एकाच होलला अनेक सुरुवाती आल्या. सोय झाली खरी, पण त्या सोयीला मानापमान चिकटला. मागची टी मर्दांची, पुढची टी बायकांची!

मागच्या टीचा मान

या मानापमानापायी काय होते, हे पुण्यात स्थायिक झालेल्या एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या बाबतीत पाहण्यासारखे आहे. कॅप्टन असताना रानीखेतच्या ९ होलांच्या मैदानावर त्यांनी पहिल्यांदा गोल्फची काठी हातात धरली. पुढे बदल्या होत गेल्या. छावण्या बदलल्या, मैदाने बदलली, पण जिथे जातील तिथे सर्वांत मागची टी, हा नेम बदलला नाही. त्या काळी त्यांचा पहिला फटका २४० यार्डांच्या पुढे जाई. मागची टी त्यांना शोभतही होती.

साठी उलटली, एक गुडघा कुरकुरू लागला, हृदयाची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी बजावले, ‘रोज चाला.’ कर्नलसाहेब हसून म्हणाले, ‘मी तर गोल्फ खेळतो!’ पण अडुसष्टाव्या वर्षी तोच फटका आता २०० यार्डांवर दम टाकत होता.

४२० यार्डांचा एक होल घ्या. चार फटक्यांत तो पुरा व्हावा, अशी अपेक्षा असते. पहिला फटका २०० यार्ड गेला, तर उरतात २२०. इतके अंतर त्यांच्या कुठल्याच काठीने पार होत नसे. दुसरा फटका जिवाच्या आकांताने मारायचा, चेंडू वाळूच्या खड्ड्यात किंवा झुडपात जायचा, तिसरा बाहेर काढण्यात, चौथा कसाबसा हिरवळीवर, वर दोन-तीन फटके होलपाशी. एका होलवर ठीक आहे, पण १८ होलांवर हेच! मागचा गट कमरेवर हात ठेवून उभा. बरोबरचे तिघे तोंडाने काही बोलत नसत, पण घड्याळाकडे पाहत.

घरी आले की कर्नलसाहेब वर्तमानपत्राआड जात. हळूहळू रविवारी सकाळचे मित्रांचे फोन कमी झाले. एके दिवशी ते म्हणाले, ‘आता जमत नाही. काठ्या कुणाला तरी देऊन टाकू.’ काठ्या गेल्या की पहाटेचे चालणे जाणार, चालण्याबरोबर मित्र जाणार आणि उरणार फक्त आरामखुर्ची, हे त्यांच्या पत्नीच्या लगेच लक्षात आले. मुले मार्गी लागल्यावर त्या गोल्फ शिकल्या होत्या आणि लाल खुणांवरून आनंदाने खेळत होत्या.

‘अहो, वाचताना चष्मा लावता, जिना उतरताना कठडा धरता. तेव्हा नाही कमीपणा वाटत. मग इथेच का?’

‘लाल खुणा बायकांच्या असतात.’

‘कुठे लिहिलंय तसं?’

कर्नलसाहेबांनी नियमांचे पुस्तक उघडले. खरेच, कुठे लिहिलेले नव्हते. स्पर्धेत कोणी कुठून खेळायचे, हे स्पर्धेची समिती ठरवते. एरवी रंगाला ना वय, ना लिंग. तरीही मन राजी होईना. शेवटी एका आडवारी, मैदानावर फारसे कुणी नसताना, ते चोरासारखे पुढच्या टीवर गेले. त्यांची घालमेल पाहून कॅडी म्हणाला, ‘साहेब, चेंडूला कुठं कळतंय, तो कुठनं मारला ते!’

तोच ४२० यार्डांचा होल तिथून ३४० यार्डांचा होता. पहिला फटका २००, उरले १४०. पाच नंबरची आयर्न काढली आणि चेंडू हिरवळीवर टपकला. किती वर्षांनी! त्या दिवशी पिशवीतल्या अशा काठ्या बाहेर निघाल्या, की ज्यांची मूठ कशी लागते हेच ते विसरले होते.

पुढचे सगळे गोडच झाले असे नाही. एका जुन्या मित्राने चारचौघांत ‘बांगड्या भरा आता’ असा टोमणा मारला. तो इतका लागला, की कर्नलसाहेब पुढचे दोन रविवार पुन्हा मागे गेले आणि पुन्हा झुडपात चेंडू शोधत बसले. तिसऱ्या रविवारी मात्र ते कुणाला न विचारता पुढे आले आणि तिथेच राहिले. मागच्या टीवरून होलचे जे ऐसपैस रूप दिसते, त्याची त्यांना अजून ओढ वाटते. कधी कधी ते तिथे क्षणभर उभे राहतात, पाहून घेतात आणि पुढे चालू लागतात. पण आता आठवड्यातून दोनदा नवरा-बायको एकाच टीवरून खेळतात. आणि रविवारचा फोनही येतो.

आकडे काय सांगतात?

आपल्याला कोणती टी योग्य, हे ठरवायला अहंकारापेक्षा बेरीज-गुणाकार बरा. जाणत्या खेळाडूंचा एक ठोकताळा आहे. पाच नंबरच्या आयर्नने चेंडू जितके यार्ड जातो, त्याला ३६ ने गुणा. येईल तितक्या लांबीचे मैदान आपले. कर्नलसाहेबांचे हे अंतर १४५ यार्ड, म्हणजे मैदान ५,२२० यार्डांचे. ते खेळत होते साडेसहा हजारांचे!

२०११ साली अमेरिकेतील दोन मोठ्या गोल्फ संघटनांनी ‘पुढच्या टीवर या’ अशी मोहीमच काढली. त्यांचा सल्लाही याच्याशी जुळतो. पहिला फटका २५० यार्ड जाणाऱ्याने ६,२०० ते ६,४०० यार्डांचे, २०० यार्डवाल्याने ५,२०० ते ५,४०० यार्डांचे आणि १५० यार्डवाल्याने ३,५०० ते ३,७०० यार्डांचे मैदान निवडावे.

आता हौशी खेळाडूंचे खरे अंतर पाहा. २०२० साली गोल्फच्या दोन जागतिक नियामक संस्थांनी अंतराविषयीचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. हौशी पुरुषाचा पहिला फटका सरासरी सुमारे २१५ यार्ड जातो आणि हौशी स्त्रीचा सुमारे १५० यार्ड, असे चित्र त्या सुमारास समोर आले. दूरदर्शनवर ३०० यार्डांचे फटके पाहून आपणही तसेच, असे वाटत असेल, तर तो निव्वळ भ्रम. शिवाय अनेक मैदानांवर लाल खुणांपासूनही मैदान पाच हजार यार्डांच्या आसपास भरते. म्हणजे ‘बायकांची टी’ म्हणून जिला हिणवले जाते, ती बहुतेक बायकांनाही लांबच पडते! त्यांच्यासाठी, मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी आणखी पुढे टी हवी, ही मागणी म्हणूनच रास्त आहे.

मोठ्या क्लबांना यात कमीपणा वाटत नाही. मास्टर्स स्पर्धेसाठी प्रसिद्ध असलेल्या ऑगस्टा नॅशनलचे मैदान स्पर्धेच्या वेळी साडेसात हजार यार्डांहून लांब असते. एरवी तिथले सभासद मात्र सुमारे ६,३०० यार्डांच्या टीवरून खेळतात. हजाराहून जास्त यार्डांची सूट घेतल्याने त्यांची प्रतिष्ठा कुठे गेली?

आणि ही लबाडीही नव्हे. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत प्रत्येक टीची काठिण्यपातळी वेगळी मोजलेली असते. सोप्या टीवरून खेळणाऱ्याला सवलतीचे फटके कमी मिळतात, अवघड टीवरून जास्त. त्यामुळे मुलगा निळ्या टीवरून, वडील पांढऱ्या आणि आई लाल टीवरून खेळली, तरी तिघांचा सामना बरोबरीचा होतो. इतकी सोय फार थोड्या खेळांत असेल.

लांब फटका म्हणजेच गोल्फ, असेही नाही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकले. तिच्यापेक्षा कितीतरी लांब मारणाऱ्या खेळाडूंना तिने मागे टाकले, ते होलजवळच्या नाजूक फटक्यांच्या बळावर. आपल्याला झेपेल त्या अंतरावरून सुरुवात केली, तरच हे नाजूक काम करायला उसंत मिळते. नाहीतर सगळी ताकद तिथवर पोहोचण्यातच संपते.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपण पैशांच्या बाबतीत मुलांना शिकवतो. अंगातल्या ताकदीलाही ते तितकेच लागू आहे. पंचविशीतले अंथरूण सत्तरीत तेवढेच राहत नाही, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. लाज वाटावी ती हट्टापायी खेळच सोडून घरी बसण्याची. तेव्हा घरात कुणी गोल्फ खेळणारे असेल आणि हल्ली मैदानावरून चिडचिडत परत येत असेल, तर त्यांना नवी महागडी काठी घेऊन देऊ नका. ते कोणत्या टीवरून खेळतात, एवढेच विचारा.