आठ इंच

सक्शन गाडी तुम्ही पाहिलेली आहे. ट्रॅक्टरमागं लोखंडी टाकी, टाकीपुढं व्हॅक्यूम पंप, बाजूला गुंडाळलेला जाड पाइप. संडासाचा टाका उपसते. ती धड चालली तर माणसाला टाक्यात उतरावं लागत नाही. नाही चालली की मुकादम दोर अन् बादली मागवतो. उतरणारा कुठल्या वस्तीतून येतो हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही.

मी फिटर. अमडापूरचा, चिखली तालुका. गेल्या उन्हाळ्यात एका ठेकेदाराची अशी गाडी माझ्याकडं आली. पंप जुना घेतलेला, दुसरीकडून बसवून आणलेला. ठेकेदार म्हणाला, "टाकी हवा खाते. तीनदा रबर बदललं. हे लोक नीट हाताळत नाहीत ना भाऊ, काय करता!"

'हे लोक' म्हणजे गाडीवरचे मामा. पन्नाशीचे. बाजूला उभे होते. मी त्यांनाच विचारलं. म्हणाले, "वरचं पानी वढते, बुडाचा गाळ तसाच राहते. मंग म्हन्तात, उतर."

अख्खा रोग त्या एका वाक्यात होता. ठेकेदारानं ते कधी ऐकूनच घेतलं नव्हतं.

गाडी चालू केली. गेजचा काटा आठ इंचावर जाऊन थांबला. दहा मिनिटांत पंप हात लावू देईना, जळक्या तेलाचा वास सुटला. आता हे आठ इंच म्हणजे काय? पाऱ्याचे आठ इंच. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. म्हणजे आठ इंचाला पाणी वर चढणार नऊ फूट. टाका दहा फूट खोल, त्यावर गाडीचं तोंड चार फूट उंच. चौदा झाले. शिवाय गाळ पाण्याहून जड. नऊ फुटांची ताकद चौदा फुटांवरून काय ओढणार? उरलेला हिशेब माणसाच्या अंगानं पुरा करायचा, असं चाललेलं.

टाक्यातला वायू तुम्हाला माहीतच असेल. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर बरं. वायू वाढला की नाकच मरतं, वास येईनासा होतो. गडी समजतो, गेला वायू. अन् तिथंच बसतो.

आधी टाकीचा दोष की पंपाचा, ते वेगळं काढायचं. मधला पाइप सोडला. गेज पंपाच्या बाजूला लावलं, पंपाच्या तोंडावर रबर ठेवून पत्रा आवळला. आता टाकी नाही, पाइप नाही, रबरी सांधे नाहीत. तरी काटा आठवरच. म्हणजे टाकी निर्दोष, मामाही निर्दोष. तीन वेळा बदललेलं रबर फुकट गेलं.

मग पंपाच्या अंगावरचा रंग खरवडला. खाली बाण निघाला. कारखान्यानं ओतीव लोखंडातच उठवलेला. पंप फिरत होता बाणाच्या उलट.

ट्रॅक्टरच्या मागचा शाफ्ट एकाच दिशेनं फिरतो, मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखा. बसवणाऱ्यानं पंपाचं तोंड ज्या बाजूला सोयीचं त्या बाजूला केलं, पट्टा चढवला. गाडी ओढायच्या ऐवजी फुंकायला लागली, तर हवेची दिशा बदलणारा दांडा उलटा टाकला. ओढतेय ना? मग झालं! पण ह्या पंपाला तेल देणारा छोटा पंप त्याच शाफ्टवर. उलट फिरला की तेल पुढं जात नाही. पाती तिरक्या खाचांतली, ती कोरडी घासून झिजली. रंग मारणाऱ्यानं बाण झाकला नसता तरी तो कुणी वाचला असता का, शंकाच आहे.

ठेकेदार म्हणाला, "सध्या चालू द्या. दोन टाके बाकी आहेत, मानसं उतरवून घेतो."

मी म्हणालो, 2013 च्या कायद्याचं सातवं कलम वाचलंय का? सुरक्षेची साधनं न देता माणूस उतरवणं हाच गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टानं 27 मार्च 2014 ला मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख ठरवले. 20 ऑक्टोबर 2023 ला तीस लाख केले. कलमाचं त्याला काही वाटलं नाही. तीस लाखाला मात्र तो खाली बसला.

दोन दिवस लागले. पाटाला नवी भोकं पाडली, पंप तोंड फिरवून बसवला, पुली दुसऱ्या अंगाला घेतली. नवी पाती घातली. दांडा सरळ. तेलाच्या काचेत थेंब पडायला लागले तसे मामा वाकून पाहत राहिले. काटा अठरावर गेला. अठरा म्हणजे वीस फूट. मी बंद केलं, काटा तिथंच उभा.

बाणावर मी लाल रंग भरला. मामांना दाखवलं, म्हणालो, गाडी सुरू करताना आधी हा पाहायचा, मग गेज. बारा इंचाच्या खाली असंल तर पाइप टाक्यात घालायचा नाही, गाडी माझ्याकडं आणायची.

"अन् मालक नाही म्हनला तं?"

मी त्यांना कलमाचा कागद दिला. त्यांनी तो टोपीत ठेवला. वाचता येत नाही म्हणाले, पोरगी वाचून दाखवील, दहावीला आहे.

ठेकेदारानं पैसे दोन हप्त्यांत द्यायचं कबूल केलं होतं. दुसरा हप्ता अजून यायचाय.