तिघांना दिसलेलं कोरं पान

नंदुरबारमधल्या एका मिरची व्यापाऱ्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. काम साधंच: शेतकऱ्याचं नाव, ओल्या लाल मिरचीचं वजन, भाव, हमाली-तोलाई आणि पथारीवर किती माल पडून आहे त्याची शिल्लक. पथारी म्हणजे मिरची वाळत घालतात ते मोकळं मैदान. हंगामात त्या बाजूने मोटारसायकलवरून नुसतं गेलं तरी शिंका सुरू होतात.

सॉफ्टवेअर पायथनमधल्या फ्लास्क फ्रेमवर्कवर लिहिलेलं. पहाटे सहाला ते आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं. सकाळी मुनीमजींनी पहिलं पान उघडलं की आधी भावाची यादी वाचली जायची, कालची अखेरची शिल्लक आजची आरंभीची म्हणून वहीत चढायची, मग पान दिसायचं. फ्लास्कमध्ये ‘बिफोर फर्स्ट रिक्वेस्ट’ नावाची सोय होती, तिच्यावर हे सगळं टांगलेलं होतं.

जून 2023मध्ये पायथन 3.7चे अपडेट बंद झाले. हंगाम नव्हता, म्हणून नवा सर्व्हर घेतला, त्यावर नवं पायथन आणि फ्लास्क 2.3 टाकलं. चालू करताच एरर: अशी सोयच नाही. 2.2 आवृत्ती लॉगमध्ये बजावत होती की ही सोय काढणार आहोत. लॉग उगाच भरतो म्हणून ते इशारे मीच बंद करून ठेवले होते.

मग तो कोड उचलला आणि अ‍ॅप तयार करणाऱ्या फंक्शनच्या शेवटी चिकटवला. डेटाबेसमधले टेबल बनवायची कमांड दिली, तर तीही आधी हेच फंक्शन चालवते. अजून न बनलेल्या टेबलात शिल्लक शोधायला गेली आणि कोसळली. एरर गिळून टाकणारं ठिगळ लावलं नि पुढे गेलो. लाज वाटावी असंच काम.

नव्या सर्व्हरला दोन कोर होते, म्हणून अ‍ॅप चालवणाऱ्या गनिकॉर्नचे वर्करही, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अ‍ॅपच्या प्रती, एकाचे तीन केले. चाचणी व्यवस्थित झाली. होणारच, हंगामाआधी शिल्लक शून्य, आणि शून्य तीनदा मिळवलं तरी शून्यच.

आवक सुरू झाली आणि दुसऱ्याच सकाळी मुनीमजींचा फोन. “भाऊ, पथारीवर इतली मिरची नही शे.” आदल्या संध्याकाळी 212 क्विंटल होती. स्क्रीनवर 636.

गुणाकार सरळ होता, कारण मात्र दुपारी सापडलं. आजची नोंद आधीच आहे का, हे माझा कोड तपासत होता. पण आता तीन वर्कर एकाच क्षणी उठत होते. तिघांनी वही उघडली, तिघांना पान कोरं दिसलं, तिघांनीही 212 लिहून टाकले. पूर्वी एकच वर्कर होता, म्हणून माझी तपासणी पुरेशी वाटत होती. मुनीमजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तीन माणसं ठेवली आणि लिहायचं कोणी ते ठरवलंच नाही?”

गनिकॉर्नला ‘प्रीलोड’ सांगितलं की अ‍ॅप एकदाच तयार होतं आणि मग त्याचे वर्कर फुटतात. पण त्याआधी उघडलेलं डेटाबेसचं कनेक्शन तिघांत वाटलं जाण्याची भीती असते, म्हणून ते टाळलं. शिल्लक चढवण्याची वेगळी कमांड लिहिली. सर्व्हरवरच्या सेवा सुरू करणारं सिस्टमडी ती गनिकॉर्न उठवण्याआधी एकदा चालवतं. ती फसली तर सॉफ्टवेअर चालूच होत नाही. चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा ते बरं. दिवसात सर्व्हर पुन्हा सुरू झाला तर ती पुन्हा चालणारच, म्हणून टेबलात तारीख आणि माल या जोडीवर युनिक बंधन घातलं. भावाची यादी मात्र अ‍ॅप तयार करणाऱ्या फंक्शनमध्येच राहू दिली, ती प्रत्येक वर्करला आपापली लागते. ठिगळ काढलं.

पहाटे सहाचा तो रीस्टार्ट मी मुळात का लावला होता, ते काही केल्या आठवत नाही. आता रोजची शिल्लक त्याच्याच जोरावर चढते, त्यामुळे काढायचा धीर होत नाही.