अण्णांचा जॉन, माझा पॉल

थोरले बंधू अण्णा लेननचे, मी मॅकार्टनीचा. बीटल्स 1970 साली फुटले, पण त्यांचा तंटा आमच्या दोघांत अजून चालू आहे. अण्णांचा मुद्दा ठरलेला: भागीदारी मोडायला 31 डिसेंबर 1970 रोजी लंडनच्या कोर्टात गेला तो तुझा पॉल! मी 'यस्टरडे' पुढे करतो. 1965 सालच्या त्या ध्वनिमुद्रणात चौघांपैकी एकटा पॉल आहे, तरी नाव लागले दोघांचे. मग अण्णा 1971 चे 'हाउ डू यू स्लीप?' लावतात. त्यात जॉनने पॉलला उघड झोडपून काढले आहे, आणि गिटारीची साथ कुणाची, तर हॅरिसनची! (मला ते गाणे फार आवडते, अण्णांना कळवू नका.)

पुढे गावच्या घराच्या वाटणीसाठी वकिलाकडे गेलो तो मीच. आठ महिने आम्ही बोललो नाही. अशाच एका रात्री 'हिअर टुडे' ऐकले. 8 डिसेंबर 1980 रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉनचा खून झाला. त्याच्याशी बोलणारे हे गाणे पॉलने 1982 साली काढले.

सकाळी अण्णांना फोन केला आणि ते गाणेच लावले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"बरे आहे," अण्णा म्हणाले, "पण जॉनने याहून बरे केले असते."