अर्थ लागला!

आपल्या हॉस्टेलवर बिघडलेली वस्तू दुरुस्त करायची एकच सर्वमान्य पद्धत आहे – थापड! ट्यूबलाइट असो नाहीतर फॅनचा रेग्युलेटर, दोन थापडा दिल्या की चालू. माझा मामा त्याच्या गाडीच्या हेडलाइटला हेच औषध द्यायचा.

मामा राधानगरी तालुक्यात वडाप चालवतो. दिवसा प्रवासी, पण रात्री-अपरात्री गावात कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर हीच जुनी गाडी. आणि दिवे दगा देणार तेही नेमके रात्री! खड्डा आला की गुडुप, पुढच्या खड्ड्याला परत चालू. गेल्या पावसाळ्यात एका बाळंतीण व्हायच्या बाईला नेताना ऐन वळणावर दोन्ही दिवे गेले. तिच्या दिराने खिडकीतून बॅटरी धरली, तेवढ्या उजेडात मामाने गाडी काढली. हे ऐकून माझ्या तर अंगावर काटाच आला.

दिवाळीच्या सुट्टीत मी मल्टिमीटर घेऊनच गेले. तोवर बल्ब दोनदा आणि फ्यूज एकदा बदलून झाले होते. वायरिंगवाल्याने बल्बचा सॉकेट काढून मीटर लावला – १२.४ व्होल्ट. "करंट फुल्ल हाय, बल्बच डुप्लिकेट असणार!"

खरी गंमत इथेच आहे. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. करंट नाही, तर गंजलेल्या जॉइंटवर व्होल्टेज पडणार कुठून? V = IR, फर्स्ट इयरचंच! म्हणून सॉकेट परत बसवला, दिवे लावले आणि मग मोजलं. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा बल्बच्या अर्थच्या पिनेला. इथे शून्याच्या आसपास यायला हवं. आले २.१ व्होल्ट!

दोन्ही दिव्यांची अर्थची वायर मडगार्डच्या आत एकाच बोल्टला होती आणि तिकडच्या पावसाने तो बोल्ट पार गंजला होता. रेझिस्टन्स जेमतेम पाव ओहम. पण ५५ वॉटचे दोन बल्ब मिळून आठ-नऊ अँपिअर घेतात, त्यामुळे दोन व्होल्ट तिथेच खलास. हॅलोजनचं व्होल्टेज १० टक्के उतरलं तर उजेड साधारण ३० टक्के उतरतो. इथे तो निम्म्यावर आला होता. त्यात धक्का बसला की कॉन्टॅक्टच सुटायचा.

"म्हणजे आर्थच घावंना झालाय म्हण की!" मामा म्हणाला. मी पडले कॉन्व्हेंटची. माझ्यासाठी 'अर्थ' म्हणजे मराठीच्या पेपरातला, संदर्भासह स्पष्ट करायचा. तो मडगार्डखाली सापडेल असं कधी वाटलं नव्हतं!

बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरला नवा लग बसवला, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली फासली. परत मोजलं – ०.०५ व्होल्ट. खर्च? चहा धरून पन्नास रुपयांच्या आत.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, थापड मारून दिवा लागला तर तो बरा झाला असं समजू नका. कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट आहे, एवढंच ती थापड सांगते. तो शोधायचा असेल तर लोड चालू ठेवूनच मोजा. रिकाम्या वायरीवर सगळंच छान दिसतं!

परवा मामाचा फोन आला होता. रात्री दोन वाजता एका आजोबांना दवाखान्यात पोचवून आला म्हणे. दिव्यांचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "दिव्यांकडं ध्यानच गेलं नाही बघ."