ब्रिजवरची टिपणे

२१ ऑगस्ट २०१७, पहाट. 'जॉन एस. मॅकेन' ही अमेरिकी विनाशिका सिंगापूरच्या वाटेवर. दिशा आणि वेग दोन्ही सांभाळताना सुकाण्याची ओढाताण होत होती, म्हणून कप्तानाने वेगाचं काम शेजारच्याकडे द्यायला सांगितलं. टचस्क्रीनवर ती अदलाबदल करताना सुकाणूही तिकडे गेलं. सुकाण्याला वाटलं, सुकाणू बंद पडलं. वेग कमी केला, तर दोनपैकी एकाच पंख्याचा झाला. जहाज डावीकडे वळत 'अल्निक' या तेलवाहू जहाजाच्या पुढ्यात गेलं आणि धडक झाली. दहा नौसैनिक गेले. सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड नव्हताच.

ब्रिजवरचे, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातले, काही जण दुसऱ्या जहाजावरून तात्पुरते आलेले. तिथली मांडणी वेगळी.

नंतर अमेरिकी नौदलाने अशा विनाशिकांवर वेगासाठी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवायचं ठरवलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. दांडा कुठे आहे ते हाताला कळतं. पडद्याकडे बघावंच लागतं, आणि तेवढा वेळ नजर समुद्रावर नसते.

पण माणसाची बाजू घेताना 'व्हिन्सेन्स' ही अमेरिकी युद्धनौका विसरता येत नाही. ३ जुलै १९८८, इराणचं आखात. तिच्या एजिस या रडार-शस्त्र यंत्रणेच्या नोंदीत इराणचं प्रवासी विमान वर चढत होतं. ताणाखालच्या माणसांनी ते खाली झेपावतंय असं धरलं आणि ते पाडलं. २९० जीव गेले.

उलट त्याच आखातात, त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकी युद्धनौका 'सॅम्युएल बी. रॉबर्ट्‌स' सुरुंगावर आदळली. कणा मोडला, इंजिनकक्षात पाणी शिरलं, आग लागली. खलाशांनी तासन्‌तास झुंजून, फाटत चाललेला वरचा सांगाडा पोलादी तारांनी आवळून जहाज तरंगतं ठेवलं. एकही मृत्यू नाही. कमी माणसांच्या जहाजावर त्या तारा ओढायला कोण असेल? अमेरिकेच्या किनारी लढाऊ जहाजांचा मूळ कर्मचारी-गट ४० जणांचा ठरला होता. पुढे तो ५० जणांचा करावा लागला.

हातचं कौशल्य इतरत्रही परतलं. ॲनापोलिसच्या अमेरिकी नौदल अकादमीत ताऱ्यांवरून स्थान काढणं शिकवायचं बंद झालं होतं. २०१५ मध्ये पुन्हा सुरू झालं. कारण जीपीएस ठप्प करता येतं.

आपल्याकडे गोव्यात बांधलेली 'तारिणी' ही शिडाची नौका नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये जगाभोवती नेली. परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडली, मॉरिशसला थांबून दुरुस्ती करावी लागली. २१ मे २०१८ला त्या गोव्यात पोचल्या. विनाशिकेच्या ब्रिजवर उभं राहण्याआधी प्रत्येक अधिकाऱ्याला काही आठवडे असे शिडाखाली मिळावेत, असं मला मनापासून वाटतं.