सेकंड बेसवरच्या भाच्यास



शाळेच्या बेसबॉल संघात तुला सेकंड बेसची जागा मिळाल्याचं ताईनं कळवलं. फार आनंद झाला. तू राहतोस त्या मिनेसोटातच ही जागा रॉड कॅरूनं गाजवली. त्याच्याविषयी तुला सांगायचं आहे.

१९४५ साली पनामा कालव्याच्या पट्ट्यात, आगगाडीत, काळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या डब्यात त्याचा जन्म झाला. मदतीला आलेल्या डॉक्टरांचं नाव रॉडनी क्लाइन; आईनं तेच बाळाला ठेवलं. विशीच्या आतच तो न्यूयॉर्कला आला. शाळेच्या संघातून तो खेळलाच नाही. याँकी स्टेडियमजवळच्या मोकळ्या मैदानात खेळताना मिनेसोटा ट्विन्सच्या नजरेत भरला आणि १९६७ मध्ये त्यांचा सेकंड बेसमन झाला.

त्याची जुनी चित्रफीत मिळाली तर हातांकडे बघ. बॅट जवळजवळ आडवी, बोटं सैल. पिचर बदलला की उभं राहण्याची ढबही बदलायची. दांडगाईनं चेंडू भिरकावण्यापेक्षा दोघा क्षेत्ररक्षकांच्या मधून अलगद काढून देण्यात त्याचा हातखंडा. १९७२ मध्ये एकही होमरन न मारता तो लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत पहिला आला! असा पहिला तो ७ वेळा आला. १९७७ मध्ये तर सरासरी .३८८ होती, तोवर तो फर्स्ट बेसवर गेला होता. पुढच्या वर्षी संघमालकानं भर सभेत काळ्या लोकांबद्दल अपमानास्पद शब्द काढले, आणि १९७९ पासून कॅरू कॅलिफोर्निया एंजल्सकडून खेळू लागला. योग्यच केलं त्यानं. १९८५ मध्ये ३,०००वा हिट त्यानं मारला तो ट्विन्सविरुद्धच.

पण माझ्या मनात घर करून आहे ती त्याची मुलगी मिशेल. वडील पनामाचे कृष्णवर्णीय, आई ज्यू. १९९५ मध्ये तिला रक्ताचा कर्करोग झाला. बरं होण्यासाठी जुळणाऱ्या दात्याची अस्थिमज्जा हवी होती. ती जुळण्याची शक्यता बहुधा समान वंशाच्या माणसांतच जास्त असते. मिश्र वंशाच्या मुलीला दाता कुठून मिळणार? पत्रकारांपासून दूर राहणारा कॅरू लोकांपुढे आला, दाते म्हणून नावं नोंदवा, असं विनवू लागला. हजारोंनी प्रतिसाद दिला. मिशेलला जुळणारा दाता मात्र मिळाला नाही. एप्रिल १९९६ मध्ये, १८ व्या वर्षी ती गेली. त्यानंतरही कॅरू हे आवाहन करत राहिला. त्याच्या सगळ्या विक्रमांहून मला हे मोठं वाटतं.

नील, तुझी आई साताऱ्याची, बाबा जमैकाचे. तुझ्यासारख्यांना जुळणारे दाते आजही कमी आहेत. दात्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी संस्थेचं मुख्यालय तुझ्याच मिनियापोलिसमध्ये आहे. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना द्यायचा, एवढंच नोंदणीचं काम. पुढच्या वर्षी १८ पूर्ण झाली की नाव नोंदव, आणि संघातल्या मित्रांनाही नोंदवायला सांग.

तुझा,
मामा