नमस्काराचे ओझे

गोंदिया जिल्ह्यातील आपल्या घरांतही तरुण मुलांच्या भिंतींवर व मोबाइलच्या पडद्यांवर दूरदेशीचे रॉक गायक विराजमान असतात. कौतुक स्वाभाविकच, पण कौतुकाची पूजा झाली की ती गायकालाच जड होते. अमेरिकन गायक कर्ट कोबेन याला ‘पिढीचा आवाज’ हे बिरुद कधीच मानवले नाही. १९९४ साली, अवघ्या २७व्या वर्षी त्याने आपले जीवन संपविले. त्याची दुःखे अनेक होती; हे ओझे त्यांतील एक.

आपल्या विदर्भातील गाडगेबाबांच्या कीर्तनांना अफाट गर्दी होई. बाबा मात्र कुणाला पाया पडू देत नसत. आपण कुणाचे गुरू नाही, आपला कुणी शिष्य नाही, असे सांगत. १९५६ साली ते निवर्तले, तोवर लोकांचे प्रेम ते धर्मशाळांकडे आणि मुलांच्या शिक्षणाकडे वळवीत राहिले.

लुस्त्र येथे लोक देव मानून बळी अर्पू लागले, तेव्हा संत पौल व बर्णबा यांनी तर आपली वस्त्रेच फाडली.

म्हणून आईवडिलांनी भिंतीवरचे चित्र फाडण्याची घाई करू नये. सायंकाळच्या रोझरीत त्या गायकाचे नाव घेण्यास मुलांना सांगावे. ज्याच्यासाठी आपण देवाजवळ मागणे मागतो, त्याला आपण देव मानू शकत नाही.